निवडुंगावरचा कंदील

विश्रामबागच्या आमच्या गल्लीतून गाडी बाहेर काढली तेव्हा मागच्या सीटवर आईंनी बांधून दिलेली धपाटी होती, पाण्याचा कॅन होता, आणि पुढे माझ्या शेजारी माझे सासरे बसले होते. आदल्या दिवशी जेवताना त्यांनी शेवटचं "मी येणार नाही" म्हटलं होतं. सकाळी मात्र पायांत बूट, डोक्याला टोपी आणि गळ्यात भिंग अडकवून ते माझ्या आधी फाटकाशी उभे.

बाबा वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या फुलणाऱ्या वेली हा त्यांचा आवडीचा विषय. कुंपणावर, खांबावर, दुसऱ्याच्या झाडावर काहीही चढलेलं दिसलं की स्कूटर थांबायचीच, असं आई सांगतात. पण दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला त्रास सुरू झाला. आता कडेकडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं. "तुझे कान दिसतात मला, चेहरा नाही," असं त्यांनी मला एकदा अगदी सहज सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांनी माळावर जाणं सोडलं.

मग गेल्या सप्टेंबरात सुरेखाचा फोन आला. सुरेखा त्यांची जुनी विद्यार्थिनी, जत तालुक्यात अगदी कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका वाडीत दिलेली. घरी मेंढरं, थोडं डाळिंब, बाकी पावसावरची शेती. फोनचा स्पीकर चालू होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"सर, आमच्या कुपाटीवर (काट्यांच्या कुंपणावर) कंदीलवेल आलीय! कळ्या धरल्यात. पण पानं दोन तऱ्हांची आहेत बघा. एक गोल पानाची, एक लांब पानाची. जात एकच का दोन, काही कळंना. याल का बघायला?"

"आता मी काय बघणार, सुरेखा," बाबा म्हणाले आणि फोन माझ्या हातात देऊन खिडकीकडे वळले.

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "मी बघेन आणि तुम्हाला सांगेन. ओळखायचं तुम्ही."

"तुला वेलींतलं काय कळतं?"

"काही नाही. पण मला दिसतं."

आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जा गं घेऊन यांना. दिवसभर घरात बसून सगळ्यांना नावं ठेवतात. त्यापेक्षा वेलींना ठेवू देत."

कळ्या उमलायला तीन-चार दिवस लागणार होते. तेवढ्यात साताऱ्याला आपल्या बहिणीकडे, आमच्या आत्यांकडे, जाऊन यावं, वाटेत तुझी तयारी करून घेतो, असं बाबांनी त्या सकाळी फाटकाशीच जाहीर केलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कधी कुठे गेलो नव्हतो. पेठनाक्याला महामार्ग लागेपर्यंत गाडीत फक्त इंडिकेटरची टिकटिक होती.

पहिला धडा उंब्रजला झाला. महामार्गाच्या सेवारस्त्यावर एका टपरीवर चहाला थांबलो होतो. टपरीमागच्या तारेच्या कुंपणावर काहीतरी भडक पेटल्यासारखं दिसलं. मी म्हटलं, "बाबा, तिथे लाल-पिवळी फुलं आहेत."

"लाल म्हणजे?"

"लाल म्हणजे लाल."

"लाल म्हणजे काहीच नाही. सिग्नल लाल असतो, टोमॅटो लाल असतो. मला यातलं काय दिसावं?"

मला जरा रागच आला. सांगलीत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल यांचे रंग जुळवण्यात माझा दिवस जातो. दुकानात कुणी बाई नुसतं "लाल द्या" म्हणाली तर मीसुद्धा हेच विचारते. चहाचा कप खाली ठेवून मी कुंपणापर्यंत गेले आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगायला लागले.

"पाकळ्या सहा. सगळ्या खालून वर उलटलेल्या, केस वर बांधल्यासारख्या. बुडाशी लिंबू रंग, त्याच्या वर हळदी, मग शेंदरी, आणि टोकाला ओलं कुंकू. कडा सरळ नाहीत, फ्रिल लावल्यासारख्या चुणीदार. खाली पुंकेसर पसरलेत. आणि मधून एक दांडा निघालाय, तो एकदम आडवा वळलाय."

बाबा टपरीच्या बाकावर ताठ बसले. "आता पानाचं टोक बघ. हात लावू नकोस, नुसतं बघ."

"अय्या! टोकाची स्प्रिंग झालीय. तिनेच तार पकडलीय."

"कळलावी!" ते इतक्या मोठ्यांदा म्हणाले की चहावाला दचकला. तो लगबगीने पुढे येऊन मला म्हणाला, "आवं ताई, लांबनंच बघा. लय इखारी हाय ती. आमच्या म्हशीनं कवा तोंड घातलं न्हाई तिला."

"नाही हो, हात लावत नाही," मी म्हटलं. पण नजर काही निघेना. या रस्त्याने मी किती वेळा गेले असेन! हे फूल दर वर्षी इथे फुलत असणार आणि मी दर वर्षी चहा पिऊन पुढे जात असणार.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "ओलं कुंकू. बरोबर आहे. कोरडं नाही, ओलंच." मग सातारा येईपर्यंत ते बोलत राहिले. वेल चढते म्हणजे नेमकं काय करते, हे मला त्या तासाभरात कळलं. कुणी खोडानेच आधाराला विळखे घालतं, कुणी तणाव्याने पकडतं, कुणी कळलावीसारखं पानाच्या टोकाने. कुणाचे विळखे डावीकडून, कुणाचे उजवीकडून, आणि एका जातीची वेल आपली बाजू सहसा बदलत नाही. उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो तरी मला कंटाळा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांकडे पोहे खाऊन आम्ही यवतेश्वरचा घाट चढलो. ढग रस्त्यावर उतरले होते. वायपर चालू ठेवून अगदी हळू चालवत होते मी. कासकडे जाणाऱ्या गाड्या आम्हाला हॉर्न देत पुढे निघून जात होत्या. आम्ही मात्र घाट संपल्यावर एका आडवाटेला गाडी लावली आणि उतारावर उतरलो. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. जांभा दगड निसरडा झाला होता, गवत गुडघ्यापर्यंत, आणि सगळीकडून पाण्याचा बारीक आवाज येत होता.

कारवीच्या झुडपावर चढलेल्या एका वेलीची पांढरी फुलं आधी दिसली. "पाच पाकळ्या, पांढरंशुभ्र, अस्तराच्या कॉटनसारखं. घशात अगदी पुसट पिवळं. प्रत्येक पाकळीचं टोक कात्रीने सरळ कापल्यासारखं," मी सांगितलं.

"वास घे."

मी वास घेतला. ओल्या पानांचा आला, फुलाचा काहीच नाही.

"नक्की?"

"नक्की. वासच नाही."

बाबा खूश होऊन हसले. "मग चिमिन. हिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच सुवासिक! ज्याने नाव ठेवलं त्याला त्या दिवशी कसला वास आला देव जाणे."

तिथून थोडं खाली गेलो आणि मला ते दिसलं. गवताच्या दांड्याला विळखे घालून वर आलेली बारीक वेल, आणि तिला बोटाच्या पेराएवढं एक फूल. खाली फुगीर, मध्ये अरुंद नळी, वर पाच पाकळ्या, पण त्या उघडलेल्या नव्हत्या. टोकं एकमेकांना चिकटून पिंजरा झाला होता. दिवाळीत दाराला लावतो तसा आकाशकंदील, फक्त एखाद्या मुंगीच्या घरासाठी केलेला.

"बाबा, कंदील!" मी ओरडलेच. "सुरेखाचा तोच का?"

"थांब. घाई नको. रंग?"

"नळी फिक्कट, लोणी कढवताना होतं तसं पिवळसर. तिच्यावर वांगी रंगाचे ठिपके. पाकळ्यांवर तसेच पट्टे."

"पान बोटांत धर."

"लवदार आहे. मांजराच्या कानासारखं."

"हमण," ते म्हणाले. आवाज एकदम हळू झाला होता. "ही सुरेखाची नाही. तिच्याकडच्या दोघींची पानं गुळगुळीत असणार. ही हमण. कुठे आहे? मला दाखव."

मी त्यांचा हात धरून वेलीपाशी नेला. त्यांनी वाकून बोटं पुढे केली. कडेने पाहायचं म्हणून मान तिरकी केली, आणि त्या धडपडीत त्यांचा अंगठा देठाला लागला. फूल गवतात पडलं.

वेलीला ते एकच फूल होतं.

"पडलं?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "हो."

 मी फूल उचलून रुमालात ठेवलं. गाडीपर्यंतच्या चढावर त्यांनी माझा खांदा धरला नाही. कडेच्या झुडपांना चाचपत, दोनदा घसरत, एकटेच आले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "उद्या सांगलीला परत जाऊ. सुरेखाला फोन करून सांग. मी तिथे जाऊन तिचीही फुलं पाडणार."

संध्याकाळपर्यंत ते आत्यांच्या गॅलरीत पाठ करून बसले. आत्यांनी पेढे पुढे केले तर नको म्हणाले. मला वाईट वाटत होतं आणि संतापही येत होता. इतकी चांगली चाललेली गंमत एका अंगठ्याने संपावी? मी रुमाल उघडला. फूल अजून ताजं होतं. माझ्या पर्समध्ये धागे कापायची छोटी कात्री कायम असते. ती, त्यांचं भिंग आणि फूल घेऊन मी गॅलरीत गेले आणि त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसले.

"तुटलंच आहे तर आतून बघते. कुठून कापू?"

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मग, "वरून खाली. उभं. नळीच्या एकाच बाजूने."

मी कापलं. भिंगातून पाहिलं. "बाबा, आत केस आहेत. पांढरे. सगळे खाली वळलेले. मखमलीवर उलटा हात फिरवला की बोटं अडतात ना, तसे."

ते माझ्याकडे वळले. "खालच्या फुग्यात?"

"तिथे केस जवळजवळ नाहीत. मध्ये एक मुकुटासारखं काहीतरी आहे."

"तोच तो," ते म्हणाले आणि खुर्ची जवळ ओढून सांगू लागले. फुलाच्या वासाने बारीक माशी येते, पिंजऱ्याच्या गजांमधून शिरते आणि नळीतून खाली घसरते. केस खाली वळलेले, त्यामुळे आत जाता येतं, वर येता येत नाही. माशी फुग्यात कोंडली जाते. तिथे फिरताना मुकुटाजवळची परागांची पिशवी तिच्या तोंडाला चिकटते. मग फूल उतरायला लागतं, केस सुकतात, वाट मोकळी होते. सुटलेली माशी पुढच्या कंदिलात जाऊन पुन्हा फसते, आणि वेलीचं काम होतं.

"सगळी नोकरी मी हे फळ्यावर काढून शिकवलं," ते म्हणाले. "पण सुटणारी माशी मी कधी पाहिली नाही. एक तर उशिरा पोचायचो, नाही तर लवकर निघायला लागायचं."

थोड्या वेळाने त्यांनी आत्यांना हाक मारली, पेढे मागितले, आणि मला म्हणाले, "जतला जाताना विट्यावरून जाऊ. तो रस्ता बरा आहे."

कऱ्हाड सोडून पूर्वेला वळलं की जिल्हा डोळ्यांदेखत कोरडा होत जातो. आधी ऊस मागे पडतो. मग ऑक्टोबरच्या छाटणीची वाट बघणाऱ्या द्राक्षबागा येतात. कवठेमहांकाळच्या पुढे टेकड्यांवर पवनचक्क्या फिरत असतात आणि खाली माळ उघडा पडत जातो. साताऱ्यात अंगावरचे कपडे वाळत नव्हते. इथे खिडकी उघडली तर तोंडावर गरम धूळ येत होती. वाटेत दोन ठिकाणी मेंढरांच्या कळपाने गाडी अडवली. फाट्यावर पाण्याचा टँकर उभा होता. त्याच्या ड्रायव्हरला वाडी विचारली.

"सरळ जावा. देवळापास्नं डावीकडं. कुणाकडं जायाचं?"

"सुरेखाताईंकडे. फूल बघायला आलोय."

"फूल?" त्याने माझ्याकडे, मग बाबांकडे पाहिलं. "हितं?"

सुरेखा रस्त्यावरच उभी होती. तिचा चेहरा उतरलेला होता. बाबांच्या पाया पडून ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "सर, काल सांजच्याला मेंढरं आली आणि मी डाळिंबाला पाणी सोडत होते. कुपाटीवरची वेल सगळी खाऊन गेली. एक पान ठेवलं न्हाई बघा. तुम्हाला फोन करायचं धाडसच होईना."

कुपाटीवर खुडलेले दोन दांडे उरले होते. सुरेखाच्या सासूबाई तायव्वा ओसरीवरून उठून आल्या. कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. "ऊटा आयतेन्री?" (जेवण झालं का?) त्यांनी आधी कानडीत विचारलं, मग मराठीत, "मेंढराला काय ठावं, कंदील हाय का दिवा हाय? हिरवं दिसलं, खाल्लं. रडतीस कशाला गं? त्या पल्याडच्या माळाला निवडुंग हाय. तितं मेंढरू तोंड घालत न्हाई. तितं बघा की बळ्ळी (वेल)."

बाबा लगेच म्हणाले, "चला."

ऊन चढलं होतं. मी म्हटलं जेवून जाऊ, पण ऐकतंय कोण. माळ म्हणजे नुसते खडक आणि मध्ये मध्ये कुसळाचं गवत. या वेळी त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. सुरेखा पुढे, आम्ही मागे. टेकाडाच्या माथ्यावर निवडुंगाची उंच, काटेरी, वेडीवाकडी रांग उभी होती. सुरेखा एका टोकाने, मी दुसऱ्या टोकाने बघत गेलो. काही नाही. वाळलेली उतरणीची वेल होती, कुठली तरी पिवळी पडलेली शेंगांची वेल होती. माझ्या बाहीला काटे लागून ती फाटली. घसा सुकला. परत निघावं असं मी म्हणणार तेवढ्यात, जिथे मी बाबांना उभं केलं होतं तिथून त्यांचा आवाज आला.

"वर काहीतरी हलतंय. आकाशावर. माझ्या डाव्या हाताला."

ते समोर बघतच नव्हते. मान भलतीकडे वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून वर पाहत होते. मी त्यांच्या हाताच्या रोखाने पाहिलं. सगळ्यात उंच निवडुंगाच्या शेंड्याच्या वर, निळ्या आकाशावर, दोऱ्यासारखं एक बारीक टोक वाऱ्यावर झोके घेत होतं, आणखी वर धरायला काही मिळतंय का ते चाचपत.

"वेल आहे!" सुरेखा किंचाळली. मी नजर त्या दोऱ्यावरून खाली आणत गेले. काट्यांमधून, दांड्याभोवती वळत, आणि माझ्या डोळ्यांच्या उंचीवर कंदील! एक नाही, झुपक्याने. आणि हातभर अंतरावर दुसरी वेल, तिलाही.

"सांग," बाबा म्हणाले. "सावकाश. आधी पानं."

"जवळच्या वेलीची पानं गोल, जाड, रसाने भरलेली. घोळाच्या भाजीसारखी, पण मोठी. पलीकडच्या वेलीची अगदी अरुंद, परकराची नाडी असते तेवढी. दोन्ही गुळगुळीत, लव नाही."

"म्हणजे दोन वेगळ्या जाती असाव्यात," सुरेखा म्हणाली. बाबांनीही मान डोलावली. "इतका फरक म्हणजे असू शकतं."

पण मी फुलं पाहत होते. या फुलावरून त्या फुलाकडे, परत या फुलाकडे. दुकानात उजेडात नेऊन दोन कापडं एकमेकांना लावून बघते तसं.

"बाबा, फुलात फरक नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. दोन्हींचा तळ फुगीर, हिरवट झाक असलेला मोतिया. नळी मोतिया. पाकळ्या खाली आमसुली आणि टोकाकडे हिरव्या. कडांना बारीक केसांची झालर. एका धाग्याचाही फरक नाही."

"तुझी खात्री?"

"बाबा, माझं दुकान याच्यावर चालतं."

 बाबा मोठ्याने हसले, त्या माळावर आवाज घुमला. "मग जात एकच! खर्पुडी. पान या वेलीचं फार फसवतं, कुठे गोल, कुठे लांबट. मीच आत्ता फसत होतो. फूल बघायचं, सुरेखा, फूल!"

"म्हणजे साडी वेगळी, बाई तीच," सुरेखा म्हणाली.

झुपक्यातलं एक फूल जरासं मान टाकून लवलं होतं. रंगही किंचित उतरला होता. मी भिंग घेऊन त्याच्याकडे वाकले आणि पिंजऱ्याच्या आत काहीतरी काळं हललं.

"बाबा," मी कुजबुजले. "आत कुणीतरी आहे."

 सुरेखाने तोंडावर हात ठेवला. माझ्या मानेवर ऊन भाजत होतं, एक काटा दंडात रुतला होता, पण मी हलले नाही.

"नळीच्या तोंडाशी आलीय. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. थांबली. पाय पुसतेय. आता गजावर चढली. गज आमसुली, म्हणून नीट दिसत नाही. थांबा. वळली. तोंडाला काहीतरी आहे, बाबा! पिवळा कण. चिकटलाय. ती पायाने काढायला बघतेय, निघत नाही."

"परागांची पिशवी," ते म्हणाले. ओठ हलले, आवाज जवळजवळ नव्हताच.

"दोन गजांच्या मधून डोकं बाहेर काढलं. अंग काढलं. पंख दुमडलेत, ओलसर दिसतात. बाहेर बसलीय. बसलीय." आणि मग, "उडाली!"

"कुठे?"

"पलीकडच्या वेलीकडे. आता दिसत नाही."

बाबा खाली एका खडकावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं त्यांना चक्कर आली, म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, पण प्यायले नाहीत.

"परत सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

मी सांगितलं. पाय पुसले तेही सांगितलं. ते म्हणाले, परत. तिसऱ्यांदा सांगताना सुरेखा मध्ये मध्ये भर घालत होती, जणू तिनेही भिंगातून पाहिलं होतं. मग बाबांनी माझा हात चाचपून धरला आणि म्हणाले, "मेधा, माझे डोळे चांगले होते तेव्हा मला हे दिसलं नाही."

 मी म्हटलं, "काटा रुतलाय हो दंडात. काढायला हवा." आणि आम्ही तिघंही हसत सुटलो.

घरी आलो तर तायव्वांनी बाजरीच्या भाकरी थापल्या होत्या. सोबत हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची कढीसारखी पातळ आमटी), शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. भुकेने असेल किंवा आनंदाने, मी किती भाकरी खाल्ल्या ते विचारू नका. तायव्वा बाबांच्या ताटात वाढत म्हणाल्या, "त्या वेलीचा गड्डा आमी लहानपणी उकरून खायचो. मेंढरामागं गेलं की भूक लागायची. कच्चाच, बटाट्यावानी. आता पोरं खात न्हाईत, कुरकुरे खातात."

"मग उकरू नका आता," बाबा म्हणाले. "राहू दे तिथे."

"कोण उकरतंय? तितं जाऊन तुमच्या सुनंवानी काटं कोण खाईल?"

निघताना सुरेखाने डिकीत डाळिंबांची पिशवी ठेवली. माझी फाटकी बाही बघून ती म्हणाली, "वहिनी, ड्रेस गेला हो." मी म्हटलं, जाऊ दे, रंग उडालाच होता.

मिरजेपर्यंत बाबा झोपले. मी एकटीच गाडी चालवत होते आणि माझं मन काही शांत बसत नव्हतं. रस्त्याच्या कडेची कुंपणं, विजेच्या खांबांचे ताण, पडक्या भिंती, सगळीकडे काही ना काही चढलेलं मला दिसत होतं. जाताना यातलं एकही मला दिसलं नव्हतं. इतकी वर्षं माझी नजर चांगली आहे असं मी समजत होते. ती चांगली होतीच, पण तिला कुणी काही विचारलं नव्हतं. एक माणूस शेजारी बसून "लाल म्हणजे?" असं विचारतो, तेव्हा डोळे खऱ्या कामाला लागतात. आणि त्यांचंही तसंच असावं. सगळं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांना दाखवलं. आता कुणी तरी त्यांना दाखवत होतं, आणि ते त्यांनी चालवून घेतलं, हे मला त्या माशीइतकंच मोठं वाटलं.

विश्रामबागला वळलो तेव्हा सूर्य कलला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोकळा प्लॉट आहे, त्याच्या पत्र्याच्या कुंपणावर माझी नजर गेली आणि मी ब्रेक दाबला. बाबा जागे झाले.

"घर आलं?"

"नाही. इथे एक वेल आहे. मी रोज इथून दुकानात जाते. खाली उतरते, थांबा." मी पत्र्यापाशी गेले आणि उघड्या खिडकीतून त्यांना सांगायला लागले. "फुलं अगदी लहान, तांदळाच्या दाण्याएवढी. रंग साधारण श्रीखंडी, पण मध्ये विटकरी ठिपका. पाकळ्या चार. पानं तीन-तीनच्या गटाने. विळखे उजवीकडून डावीकडे."

"वास?"

"ओल्या मातीसारखा."

"चीक?"

मी पानाचं देठ दाबून पाहिलं. "नाही."

"तणावे?"

"नाहीत. खोडानेच चढलीय."

बाबा डोळे मिटून बसले. मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवून पुढे गेला. घराच्या फाटकाशी आई उभ्या दिसत होत्या. मी वाट पाहत राहिले.

"नाही ओळखता येत," ते शेवटी म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतका खूश चेहरा मी त्यांचा फार दिवसांत पाहिला नव्हता. "अजिबात नाही येत. उद्या सकाळी चांगल्या उजेडात येऊ. तुझं दुकान किती वाजता उघडतेस?"

"उद्या उशिरा उघडेन," मी म्हटलं.